गावात लाईट आली, शिवारात कधी? (वादळानंतरचा धागा)

केळीचा_बाग · शनिवार, रात्री ९.४०

रावेर तालुक्यातून लिहितोय. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलाय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

मंगळवारी दुपारी साडेचारच्या सुमारास आमच्या शिवारात वादळ आलं. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की असं एखादं येतंच, त्यात नवीन काही नाही. पश्चिमेला लाल धूळ उठली, पाच मिनिटांत अंधारून आलं, मग वारा. पाऊस नंतर आला, तोही फार नाही. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर येऊन बघतो तर समोरच्या गोठ्याचे पत्रे आमच्या अंगणात, आणि आमचे पत्रे कुठे गेले ते अजून सापडलेलं नाही.

माझी चार एकर मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेली केळी. घड भरलेले, पंधरा-वीस दिवसांत माल कापायला येणार होता, व्यापारी बघूनही गेला होता. अर्ध्याहून जास्त झाडं आडवी झाली. खोड मधूनच मोडलंय, म्हणजे बांबू लावून उभं करायचा प्रश्नच नाही. आई दोन दिवस नीट जेवली नाही. ते गेलं ते गेलं.

धागा काढलाय तो उभ्या राहिलेल्या झाडांसाठी. साधारण अडीच हजार झाडं उभी आहेत. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. या दिवसांत घड असलेल्या झाडाला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. विहिरीत पाणी आहे, मोटार शाबूत आहे, ठिबक थोडं ओढाताण करून नीट होईल. लाईट नाही. गावात काल संध्याकाळी लाईट आली, पोरांनी फटाके फोडले. शेतीच्या फिडरवर (शेतातल्या मोटारींच्या वेगळ्या लाइनवर) मात्र खांब अजून नाल्यात पडलेत. म्हणजे वाऱ्याने सोडलेलं आता उन्हाने जायचं.

टँकरचा हिशेब केला. अडीच हजार झाडं, वीस लिटरने पन्नास हजार लिटर. पाच हजारांचे दहा टँकर, तेही रोज. विचारच सोडला.

तक्रार करायला लिहीत नाहीये, ती रोज दोनदा करतोच. अशा वेळी तुमच्या गावात काय केलं, तेवढं सांगा.

पारोळ्याचा_पोऱ्या · शनिवार, रात्री १०.०२

दादा, आमनाकडे बी तेच. गावमा लाईट उनी, वावरमा नही उनी. आमच्याकडे केळी नाही पण कांद्याच्या चाळीचं छप्पर गेलं, कांदा भिजला. उपाय माहीत नाही, पण वाचतोय.

शंकेखोर · शनिवार, रात्री १०.१५

दरवर्षीचं रडगाणं आहे हे. भुसावळला दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर ओकतात, वीज मुंबईला जाते आणि तासाभराच्या अंतरावरच्या शेतकऱ्याला कंदील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खांबावरचा · रविवार, सकाळी ६.३०

शंकेखोर, दीपनगरचा इथे काही संबंध नाही. वीज कमी पडली नाही, वाट तुटली आहे. धरण भरलेलं असलं तरी पाट फुटला तर शेवटच्या शेताला पाणी मिळतं का? तसंच.

मी बत्तीस वर्षं लाइनमन होतो, आता निवृत्त. केळीचा_बाग भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नंतर देतो, आधी शेतीचा फिडर शेवटी का येतो ते सांगतो. नाहीतर गावात उगाच वायरमनच्या अंगावर जातात लोक. त्या पोराचा काही दोष नसतो.

वादळ झालं की आधी ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) लाइन बघतात. ती सबस्टेशनला येते, ती नाही तर पुढचं काहीच नाही. मग सबस्टेशन. तिथून ११ केव्हीचे फिडर निघतात. दवाखाना, पाणीपुरवठा, गावठाण हे आधी धरतात, कारण एक डीपी (ट्रान्सफॉर्मर) सुरू केली की शे-दीडशे घरं उजळतात. शेतीच्या फिडरवर तेवढेच खांब उभे केले तर वीस-पंचवीस मोटारी चालतात. शिवाय ते खांब रस्त्याच्या कडेला नसतात. ते केळीत, नाल्यात, बांधावर. वादळानंतर काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुततो, क्रेन जात नाही.

अजून एक गोष्ट लोकांना कळत नाही. तार तुटली तर बरं असतं. तार तुटली नाही आणि एक खांब पडला की तो दोन्हीकडचे खांब ओढतो, ते त्यांच्या पुढचे ओढतात. सिमेंटचा खांब बुडातून मोडतो, लोखंडी वाकतो. म्हणून एका झाडापायी अख्खा गाळा (दोन खांबांमधली लाइन) नाही, आठ-दहा गाळे झोपलेले दिसतात. खांबाच्या लांबीचा साधारण सहावा भाग जमिनीत असतो, तेवढा खड्डा पाहिजे, भराव ठोकून बसवला पाहिजे. घाईत कमी खणला तर पुढच्या वाऱ्यात तोच खांब आधी जाणार. तुमच्याकडे आता पडलेल्यांपैकी काही खांब मागच्या वर्षी घाईत उभे केलेले असतील, जाऊन बघा.

२०२० साली निसर्ग चक्रीवादळ झालं, ३ जूनला रायगडच्या किनाऱ्याला लागलं. त्यानंतर आमची टोळी कोकणात गेली होती. तिकडे जीपसुद्धा जात नाही अशा वाड्या. खांब दोरांनी बांधून माणसांनी खांद्यावर चढावर नेले. कोरोनाचे दिवस. गावकरी जेवण पारावर ठेवायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे. रात्री एका वाडीत लाईट आली तर एक म्हातारी दुरूनच आमची दृष्ट काढत होती. सांगायचं ते असं की जिथे गावकऱ्यांनी खड्डे खणून ठेवले होते, पडलेल्या फांद्या तोडून वाट मोकळी केली होती, तिथे आमचं दोन दिवसांचं काम एका दिवसात व्हायचं. खड्डा कुठे घ्यायचा ते मात्र वायरमनला विचारून.

तारेला हात लावायचा नाही. पडलेली तार मेलेली समजायची नाही. लाइनमनसुद्धा सबस्टेशनवरून परमिट घेतो, तार शॉर्ट करून जमिनीला जोडतो, मगच हात लावतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. घरी, दुकानात, मळ्यात जनरेटर लावणार असाल तर आधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. तसं न करता जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला तर तुमची वीज उलटी डीपीकडे जाते. डीपी कुठल्या बाजूने वीज आली ते बघत नाही. इकडून २३० गेले की तिकडे ११ हजार व्होल्ट निघतात. दोन किलोमीटरवर खांबावर चढलेल्या पोराला वाटतं लाइन बंद आहे. माझ्या डोळ्यांसमोर असा एक गेलाय. जास्त लिहीत नाही.

केळीचा_बाग · रविवार, सकाळी ८.१०

काका, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या गल्लीत दोन जनरेटर तसेच जोडलेले आहेत, आत्ताच जाऊन आलो. एकाने ऐकलं. दुसरा म्हणाला मोठा आला शिकवायला. त्याच्या वडिलांना सांगितलंय.

खड्ड्यांचं आज सकाळीच मनावर घेतो.

गिरणीवाली_ताई · रविवार, दुपारी १.२०

मी यावल तालुक्यातून. आमची पिठाची गिरणी आहे, म्हणून मला या प्रकरणाची दुसरी बाजू दिसली ती सांगते.

लाईट गेली की सगळ्यांना आधी मोबाइल आठवतो. दुसऱ्या दिवशी पाणी आठवतं. तिसऱ्या दिवशी पीठ. हल्ली कुणाकडे आठवड्याचं पीठ नसतं, दोन-तीन दिवसांचं दळण आणायचं आणि ताजं खायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणीसमोर डब्यांची रांग, आणि मी दारात हात बांधून उभी. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ तर कुणाकडेच शिल्लक नव्हतं. दोन घरांत जाती निघाली. एकाचा खुंटा नव्हता, दुसऱ्याला टाकी लावून, म्हणजे दगड टाचून, वीस वर्षं झालेली. बायकांनी तरी दळलं, पण ते पीठ नव्हतं, रवाच होता. मग गावभर खिचडी. सलग तीन दिवस. आमचे सासरे म्हणाले, श्राद्धालासुद्धा एवढी एकमताने स्वयंपाकाची निवड होत नाही.

पाण्याचं असं झालं. ग्रामपंचायतीची बोअर लाईटवर, टाकी रिकामी. जुन्या आडाला रहाट नाही, वरून जाळी मारलेली. हातपंप गावात चार, चालू एक. त्या एकावर पहाटे तीनपासून हंडे. आणि जनावरं? माणूस हंडाभर पाण्यात भागवतो, म्हशीला दिवसाला पन्नास लिटर द्यावं लागतं.

तोडगा निघाला तो एका लग्नामुळे. गावात गुरुवारचं लग्न होतं, डीजेवाल्याची गाडी बुधवारीच येऊन थांबलेली, तिच्यावर मोठा जनरेटर. मुलीच्या वडिलांनी स्वतः म्हटलं, डीजे राहू द्या, जनरेटर पाण्याच्या टाकीवर न्या. सकाळी तीन तास बोअर, दुपारी तीन तास माझी गिरणी, संध्याकाळी मारुतीच्या पारावर मोबाइल चार्जिंग. डिझेलची वर्गणी घरटी पन्नास रुपये. वरात डफावर निघाली, आणि कितीतरी वर्षांनी पाहुण्यांना एकमेकांशी बोलता आलं!

गिरणीत मी पाळी ठरवून दिली होती: एका घराला पाच किलो, त्याच्या वर नाही. पहिल्या दिवशी दोघींशी भांडण झालं. एक माझी चुलतजाऊच होती.

शंकेखोर · रविवार, दुपारी २.००

ताई, डीजेचा जनरेटर गावाच्या कामी आला, हे त्या डीजेचं पहिलं सत्कर्म असावं.

फैजपूरकर · रविवार, दुपारी ४.४५

विम्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. फळपीक विमा काढलेला असेल तर वादळाच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते. १४४४७ हा नंबर आहे, ॲपवरही देता येते. हे तास वादळ झालं तेव्हापासून मोजतात, लाईट आली तेव्हापासून नाही. केळीचा_बाग, तुम्ही दिली का?

गंमत अशी की सूचना फोनवर द्यायची आणि वादळात आधी टॉवरच जातो. टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग तोही आपल्यासारखाच अंधारात. आमच्याकडे गुरुवारी रात्री रेंज आली, मुदत शुक्रवारी दुपारी संपत होती. मधल्या काळात दोन पोरांनी पन्नास-साठ जणांचे सातबारे, आधार, पॉलिसीच्या पावत्या आणि पडलेल्या बागेचे फोटो आपल्या फोनमध्ये घेतले, मोटारसायकलने बऱ्हाणपूरच्या दिशेने निघाले आणि रेंज मिळाली तिथे झाडाखाली बसून एकेकाची सूचना टाकली. संध्याकाळी परत आले तेव्हा बोटं दुखत होती म्हणे. नेत्यांच्या पाहणी दौऱ्याच्या गाड्या त्याच रस्त्याने येत होत्या, त्यांनी पोरांना विचारलं, गाव कुठल्या बाजूला?

पंचनामा हा वेगळा विषय. तो सरकारी मदतीसाठी, तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक करतात, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर पाहिजे. विमा आणि मदत यांची गल्लत करू नका. आणि पंचनामा होईपर्यंत बाग साफ करू नका, निदान फोटो नीट काढा, मागे काहीतरी ओळखीची खूण दिसली पाहिजे. नुसत्या आडव्या केळीचा फोटो कुणाचाही असू शकतो.

केळीचा_बाग · रविवार, संध्याकाळी ७.३०

दिली. गुरुवारी रात्री रेंज आल्या आल्या. नशीब म्हणायचं.

ह्यूस्टनचा_अमळनेरकर · रविवार, रात्री ११.५०

शाळा अमळनेरला, पोटापाण्याला टेक्सासमध्ये. धागा वाचून राहवलं नाही.

८ जुलै २०२४ ला आमच्याकडे बेरिल नावाचं हरिकेन येऊन गेलं. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, फक्त अटलांटिककडचं नाव. त्यांच्या पाच पायऱ्या असतात, बेरिल सगळ्यात खालच्या, पहिल्या पायरीचं. पहिली पायरी म्हणजे वारा ताशी ११९ किलोमीटर आणि त्याच्या वर. तेवढ्यात ह्यूस्टन आणि आजूबाजूला वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमच्या घरी पाच दिवसांनी आली, काहींना आठ-दहा दिवस लागले. जुलैचा उकाडा, खिडक्या एसीच्या भरवशावर बांधलेल्या, उघडतात त्याही अर्ध्याच. अमळनेरच्या घरात निदान धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपायला जाता येतं.

वीज कंपनीचा कुठे वीज आहे आणि कुठे नाही दाखवणारा नकाशा त्याआधीच बंद पडलेला होता. मग लोकांनी काय केलं असेल? व्हॉटाबर्गर नावाची खाण्याची दुकानं तिकडे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या ॲपमध्ये कुठलं दुकान उघडं ते दिसतं. दुकान उघडं म्हणजे त्या भागात वीज आहे! सगळं शहर बर्गरच्या ॲपवर वीज शोधत होतं. एवढ्या श्रीमंत देशात हे बघून मला आपला नाक्यावरचा चहावाला आठवला, त्याला सगळं आधी कळतं.

शेजारपाजारचं म्हणाल तर पहिल्या दिवशी सगळ्यांनी फ्रीजरमधलं मांस बाहेर काढून अंगणात भाजलं, नाहीतर सडणारच होतं. ज्यांची वीज आली त्यांनी कुंपणावरून वायरी टाकून शेजाऱ्याचा फ्रीज चालवला. खांबावरचा काका, तुमचे तिकडचे भाऊबंद दुसऱ्या राज्यांतून ट्रकच्या रांगा लावून आले होते. तिथे ही जुनी पद्धत आहे, आज तुमच्याकडे आमचे, उद्या आमच्याकडे तुमचे.

जनरेटरबद्दल काकांनी सांगितलं त्यात एक भर. तिथे वादळानंतर माणसं वाऱ्याने मेली त्यापेक्षा जास्त नंतरच्या दिवसांत जातात, असं अनेक वादळांत दिसलंय. त्यातली काही जनरेटरच्या धुराने. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. घरापासून किमान वीस फूट लांब ठेवा, असं तिकडे सांगतात. आपल्याकडे चोरीच्या भीतीने लोक तो शटरच्या आत ठेवून वरून कुलूप लावतात. कृपा करून असं करू नका.

गिरणीवाली_ताई · सोमवार, सकाळी ७.००

अमळनेरकर दादा, आमच्या शेजारचा किराणावाला तेच करत होता. तुमचं लिखाण त्याला वाचून दाखवलं. जनरेटर बाहेर आलाय, साखळी लावून कडुनिंबाला बांधलाय.

शंकेखोर · सोमवार, सकाळी ९.३०

अमेरिकेचं कौतुक ऐकलं. पण ते हरिकेन आठवडाभर आधी टीव्हीवर दिसतं, नाव ठेवतात, बारसं करतात. आपलं वादळ अर्ध्या तासात जन्मतं आणि मरतं. तयारी कशाची करणार?

ह्यूस्टनचा_अमळनेरकर · सोमवार, सकाळी १०.१५

हा मुद्दा मान्य. समुद्रावरचं वादळ दिवसेंदिवस चालत येतं. मे महिन्यातलं आपलं वादळ म्हणजे तापलेल्या जमिनीवर तास-दोन तासांत वर चढलेला ढग, तो कोसळताना थंड हवा खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे फाकते. तोच तो पहिला झोत. त्याचा अंदाज हवामान खातं दोन-तीन तास आधी देतं, गावाचं नाव घेऊन नाही. त्यामुळे तयारी वादळाची नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसाची करायची.

पोर्टो रिकोचं उदाहरण देतो. कॅरिबियनमधलं बेट, अमेरिकेच्या ताब्यातलं. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया हरिकेन बेटावर आडवं गेलं, चौथ्या पायरीचं. त्याच्या दोनच आठवडे आधी इर्मा जवळून गेलेलं. अख्ख्या बेटाची वीज गेली, साधारण तेहेतीस लाख माणसं. पूर्ण वीज परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. महिने! सरकारने आधी ६४ मृत्यू सांगितले, नंतर अभ्यास करून आकडा २,९७५ वर नेला. ही जास्तीची माणसं वाऱ्याने मेलेली नव्हती. बंद डायलिसिस, बंद ऑक्सिजनची यंत्रं, फ्रीजविना खराब झालेलं इन्सुलिन, तुटलेले रस्ते. आणि केळीचा_बाग दादा, त्यांच्याही केळीच्या बागा झोपल्या, कॉफीचे मळे गेले.

त्या बेटाच्या डोंगरात आदहुंतास नावाचं गाव आहे. तिथे ‘कासा पुएब्लो’ नावाची गावकऱ्यांची संस्था, अर्थ लोकांचं घर. १९८० मध्ये खाणींच्या विरोधात सुरू झाली, १९९९ पासून त्यांच्या घरावर सौर प्लेटा आहेत. मारियानंतर सगळा डोंगर काळोखात आणि हे एक घर चालू. लोक तिथे फोन चार्ज करायला, श्वासाची यंत्रं लावायला येऊ लागले. पुढे त्यांनी हजारो सौरदिवे वाटले, काही घरांत फ्रीज आणि डायलिसिसपुरती सौरवीज बसवली. पाच वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये फियोना आलं, बेटाची वीज पुन्हा गेली, हे घर पुन्हा चालू.

म्हणजे सगळ्या गावाला वीज नको. एका जागी हवी, आणि ती जागा सगळ्यांना माहीत हवी.

शंकेखोर · सोमवार, सकाळी १०.४०

सौर प्लेटा! आमच्या शेजाऱ्याच्या सौर पंपाच्या प्लेटा परवाच्या वाऱ्यात पतंगासारख्या उडाल्या. दोन नाल्यात, एक बाभळीवर. अनुदानाची योजना, ठेकेदाराने फाउंडेशन किती खणलं ते देवाला ठाऊक.

खांबावरचा · सोमवार, दुपारी १२.१०

शंकेखोरचं इथे बरोबर आहे. प्लेट म्हणजे शीडच, वारा पोटात घेते. माझ्या खांबासारखंच आहे हे, वरचं काम सगळे बघतात, खड्डा कुणी बघत नाही. ज्यांना बसवायच्या त्यांनी ठेकेदाराच्या उरावर उभं राहून खड्डा मोजून घ्या, काँक्रीट आपल्या डोळ्यांदेखत पडू द्या. गावात एका जागी लावायच्या असतील तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर, कठड्याच्या आत, कमी तिरक्या.

आता भाऊ, तुमचा मूळ प्रश्न. चार-पाच शेतकरी मिळून एक पंधरा केव्हीएचा जनरेटर भाड्याने घ्या, ट्रॉलीवर चढवा. पाच एचपीची मोटार सुरू होताना कित्येक पट करंट ओढते, म्हणून बारका आणू नका, मोटारही जाईल आणि जनरेटरही. तासाला तीन लिटरच्या आसपास डिझेल जाईल. पाळीने फिरवा. दिवसा नको, रात्री द्या, पाणी उडून जात नाही. झाडाला पोट भरून देऊ नका, जगेल एवढं द्या. आणि स्टार्टरच्या आधीचे फ्यूज काढून...

केळीचा_बाग · सोमवार, दुपारी १.००

...खिशात. कळलं काका.

पण जनरेटर कुठे मिळतोय? लग्नसराई आहे. जळगावपर्यंत फोन करून झाले, सगळे बुक.

गिरणीवाली_ताई · सोमवार, दुपारी १.१५

डीजेवाल्याचा नंबर मेसेज केलाय तुम्हाला. आमच्या गावात लाईट आली, तो आता मोकळा आहे. गाडी यावलहून रावेरला यायला किती वेळ लागतो! भाडं ठरवताना लग्नाचं नका देऊ, शेतीचं द्या, त्याला सांगा ताईने सांगितलंय.

केळीचा_बाग · मंगळवार, रात्री ११.३०

गाडी आली. पाठीमागे अजून लायटिंगची कमान आणि ‘नाच रे’ लिहिलेला फलक तसाच. मळ्यात उभी केली तर शेजारचे काका म्हणाले, केळीचं लग्न आहे का रे?

पाच जणांची पाळी लावली आहे. माझा नंबर दहा ते बारा. आत्ता मोटार चालू आहे, ठिबकचे ड्रिपर टपटप ऐकू येतायत. आठवडाभर हा आवाज नव्हता.

सकाळी सगळ्यांनी मिळून चौदा खड्डे खणले. वायरमन आला, काठीने खोली मोजली, दोन खड्डे अजून खोल करायला लावले. कुणी कुरकुर केली नाही, तुमची पोस्ट सगळ्यांना वाचून दाखवली होती.

पडलेल्या बागेचं विचारत होते काही जण मेसेजमध्ये. भरलेले घड कापून दिले. भाव विचारू नका, व्यापाऱ्याने खांदेसुद्धा न उडवता सांगितला. कोवळे घड गुरांना. मोडलेलं झाड बुडाजवळून कापून पील (बुडाशी फुटलेलं पिल्लू) राखतोय, नवीन लावणीचा खर्च वाचेल. उभ्या झाडांची पानं फाटून चिंध्या झाली आहेत, घड उन्हात भाजतात, त्यांच्यावर वाळलेली पानं बांधतोय. बायको म्हणाली, घडांना फेटे बांधल्यासारखं दिसतंय.

फैजपूरकर · बुधवार, सकाळी ८.००

पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बांधाला शेवरी किंवा गजराज गवत लावा यंदा, वारा अडतो. आमच्या आजोबांच्या काळी प्रत्येक बागेला शेवरीचं कुंपण होतं. एक ओळ केळी जास्त बसते म्हणून आपण ते काढलं. मीही काढलं.

पारोळ्याचा_पोऱ्या · बुधवार, सकाळी ८.२०

खरं शे भाऊ.

केळीचा_बाग · गुरुवार, सकाळी ६.१०

काल रात्री पावणेदोनला थ्री फेज (मोटारीची लाईट) आली. स्टार्टरला ऑटो लावलेलं होतं, मोटार आपोआप सुरू झाली. मी खाटेवर होतो, आवाजाने जागा झालो, आधी वाटलं जनरेटरच. मग लक्षात आलं तो तर शेजाऱ्याकडे आहे.

अडीच हजारांतली पाच-सहाशे झाडं तरी जाणार, खोडं मऊ पडलीत. बाकी धरतील.

रविवारी आमच्याकडे ग्रामपंचायतीत बसायचं ठरलंय. विषय एकच: पुढच्या मे महिन्याआधी बोअर, गिरणी आणि चार्जिंग एका जागी आणायचं, त्याला चेंजओव्हर (लाइन आणि जनरेटर एकत्र जोडू न देणारा स्विच) बसवायचा, डिझेलचा पैसा आधीच बाजूला ठेवायचा. सौर की जनरेटर यावर भांडण होणार हे नक्की. खांबावरचे काका येणार आहेत. शंकेखोर, तुम्हीही या, भांडायला माणूस लागेलच.

शंकेखोर · गुरुवार, सकाळी ९.००

येतो. प्लेटांचा खड्डा मी मोजणार.

गिरणीवाली_ताई · गुरुवार, सकाळी १०.२५

आमच्या माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचं डिझेल इंजिन निघालं, लाईटआधीच्या गिरणीचं. साफ केलं, हँडल मारलं, चालतंय. पण गिरणीला जोडायचा पट्टा उंदरांनी खाल्लाय. जळगावला कुणी जाणार असेल तर मेसेज करा, लांबी-रुंदी मोजून सांगते. आणि जात्याचा खुंटा कुणाकडे जास्तीचा असेल तर तोही.